मिठाची खळ

चुलीवर जे चढेल त्यात माय मीठ टाकायची. भाताच्या आधणात मीठ, पेजेत मीठ, लाखोरीच्या डाळीत मीठ, गाईच्या आंबोणातसुद्धा मूठभर मीठ. चहा तेवढा सुटला होता, तोही आमच्या घरी उशिरा आला म्हणून. तिच्या हाताला ती सवयच लागलेली होती, आणि त्या सवयीपायी आमच्या घराला जे नाव पडलं ते अजून गेलेलं नाही. मी आता गोंदियाला मुलाकडे राहते. गुडघे धरतात, गावी जाणं वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी होतं. तरी सौंदडच्या स्टेशनावर गावचं कोणी भेटलं की ते आधी हसतं आणि मग रामराम घालतं. ते हसू कशाचं हे मला ठाऊक असतं, आणि या वयातही माझे कान तापतात.

ते नाव पडलं तो पावसाळा मी घरीच बसून काढला. सातवी झाली होती. पुढची शाळा सौंदडला, मध्ये नाला. नाला भरला की पोरीला कोण पोचवत बसेल, असं म्हणून बाबांनी विषयच संपवला. मी शेण काढायची, भांडी घासायची, धाकट्या बहिणीला, बारकीला, कडेवर घेऊन फिरायची, आणि रेल्वेची शिटी ऐकू आली की उगाच दारात जाऊन उभी राहायची. माझ्या बरोबरीच्या दोघी छत्री घेऊन शाळेत जायच्या. त्या दिसल्या की मी आत पळायची. नापास झाले असते तर एवढी लाज वाटली नसती. मी पहिली आले होते.

त्याच सुमाराला मायचा धाकटा भाऊ, आमचा आमगावचा मामा, आमच्याकडे येऊन पडला. आमगावला त्याचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत तो पुस्तकं बांधायचा. सायकलवरून पडून पाय मोडला, घरात करणारं कोणी नाही, म्हणून बहिणीकडे आला. एक पाय प्लास्टरात आणि खांद्याला पिशवी. पिशवीत कपडे थोडे आणि दाभण, जाड सुया, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ, हाडाची चपटी पट्टी असलंच सामान जास्त. ओसरीतल्या खाटेवर पडून पावसाकडे बघायचा त्याला लवकरच कंटाळा आला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने मला हाक मारली.

"शेवंते, तुही सातवीची पुस्तकं आन बरं इकडं."

मी पुस्तकं आणली. फाटकी, कोपरे दुमडलेली. माझ्या डोळ्यांदेखत त्याने इतिहासाचं पुस्तक टराटरा उसवलं. मी रडकुंडीलाच आले.

"रडून कायले राहिली? अरे बेटा, मोडल्याबिगर बांधता येत नाई. हात धुऊन ये आन बस इथं."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. मामा खाटेवरून सांगायचा आणि मी खाली गोणपाटावर बसून करायची. पानांचे गठ्ठे करायचे, एकेका गठ्ठ्याला जुज म्हणायचं. हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, दाभणाने भोकं पाडायची, मग सुई आतून बाहेर, बाहेरून आत, एका जुजातून दुसऱ्यात. दोरा ओढताना पानाच्या दिशेने ओढायचा, आडवा ओढला की कागद फाटतो. माझा कितीदा तरी फाटला. मामा शिव्या द्यायचा, त्याही अर्ध्या हिंदीत, आणि मग स्वतःच हसायचा. घरात दाबयंत्र कुठलं? मसाल्याचा पाटा होता तोच पुस्तकावर ठेवायचा. त्यामुळे माझ्या पहिल्या पुस्तकांना हळद-मिरचीचा वास यायचा. पुठ्ठा बाबा सडक अर्जुनीहून मागवायचे, ट्रकवाल्यांच्या हाती, आणि पाठीला लावायला कापड म्हणजे मायचं जुनं लुगडं. पहिलं पुस्तक बांधून झालं तेव्हा ते उघडलं की नीट सपाट पडायचं. मी ते दिवसभर उघडत-मिटत बसले. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं.

खळीवरून मात्र पहिल्याच दिवशी भांडण झालं. मामाची खळ मैद्याची असायची. आमच्याकडे मैदा कुठला, माय कणीचं पीठ शिजवून खळ करायची. ते मामाने चालवून घेतलं. पण खळीत मोरचूद हवाच, असं त्याचं म्हणणं.

"ताई, नखाएवढा खडा पुरते. नाई टाकला तं पुस्तकाले कसर लागल."

"थे निळं विष? माह्या चुलीवर?" माय पळी घेऊन ओसरीत आली. "बारकी दिसल थे चाटून राहिली. थिले काई झालं तं तू भरून देशीन का?"

"मंग किडे लागल्यावर मले बोलजो नको."

"मीठ टाकते ना मी. लोणच्याले कीड लागते का? सुकटाले लागते का?"

मला मायचं म्हणणं पटलं. आजही तिच्या बोलण्यात चूक कुठे होती हे पटकन दाखवता येत नाही. मीठ टाकलं की वस्तू टिकते, हे आम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या खात आलेलो होतो. मामा "चूल तुही, राज तुहं" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून आमच्या खळीत मीठ पडत राहिलं, आणि मायचा हात मिठाला सढळ.

पाय जुळला तसा मामा आमगावला गेला. जाताना दाभण आणि हाडाची पट्टी मला देऊन गेला. मी शाळेच्या गुरुजींची दोन पुस्तकं बांधली, एका घरची पोथी बांधली. बायका विहिरीवर मायला म्हणू लागल्या, तुझी पोरगी हुशार निघाली. माय वरवर "कायची हुशार" म्हणायची, पण घरी आल्यावर मला भाकरीवर तेल जास्त घालायची. एक गोष्ट तेवढी मला खटकत होती. माझ्या पुस्तकांचे पुठ्ठे हाताला ओलसर लागायचे. मी मायला विचारलं तर ती म्हणाली, पावसाचे दिवस आहेत, कपडे तरी कुठे वाळतात. तेही पटलं.

दसऱ्याच्या आधी दसरू आजा आमच्या अंगणात आला. नात्याचा नव्हे, सगळं गावच त्याला आजा म्हणायचं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडईला दंडार हवीच. नाचणं, गाणं, सोंगं, आख्यान, सगळं एकात एक. आमच्या गावच्या दंडारीचा शाहीर दसरू आजा. उंच, हाडकुळा, कानात बाळी, आणि बोलताना बोटं आपोआप ताल धरायची. त्याने गमछ्यात बांधलेलं एक गाठोडं खाटेवर सोडलं. आत त्याच्या गाण्यांचं बाड होतं, पानं सुटी, कडा काळ्या झालेल्या. वरची पानं त्याच्या बापाच्या, मंगरू शाहिराच्या हातची होती. बाकीची त्याची स्वतःची.

"हे पाय बाई," तो म्हणाला, "हे वरचं आख्यान माह्या बापाचं हाय. आपला तलाव फुटला होता ना, थ्या सालचं. बापानं हे एकच लिहिलं आयुष्यात. लय वर्सं झाली, कोणी उभं नाई केलं. यंदाच्या मंडईले मी करतो. गळा हाय तोवर. पोरं शिकतो म्हणते, पन पानं हातात घ्याले भेते. मजबूत बांधून दे. माह्यामागं बी राह्यलं पाहिजे."

दुसरी प्रत कुठेच नव्हती. हे त्याने सांगितलं आणि मलाही दिसत होतं. मी ते काम जेवढं मन लावून केलं तेवढं त्याआधी कशातच केलं नव्हतं. आजाची स्वतःची पानं बरी होती, त्यांना नुसतं शिवून भागलं. पण मंगरू शाहिराची पानं घडीवर फाटलेली, कडा झिजून गेलेल्या. मी पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि एकेका पानाला दोन्ही बाजूंनी खळीने चिकटवल्या, अक्षर झाकू न देता. एक पान झालं की वाळत घालायचं, मग दुसरं. बारकीला मी मायच्या ताब्यात दिलं, जेवायलाही उशिरा उठले. शेवटी मायच्या तांबड्या लुगड्याचं कापड चढवून पुस्तक पाट्याखाली दाबलं. चार दिवसांनी काढलं तेव्हा ते देखणं दिसत होतं, पण ओलंच होतं.

त्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. मी पुस्तक अर्धवट उघडून अंगणातल्या खाटेवर उभं केलं आणि दुपारभर त्याच्याजवळ बसून तांदूळ निवडले. ऊन कलायला आलं तशी पाणी आणायला विहिरीवर गेले. गुरं यायला अजून वेळ होता. पण हलक्या धानाची कापणी लागली होती, गुराख्याला शेतावर जायची घाई, त्याने कळप लवकर गावात सोडला. मी घागर घेऊन आले तेव्हा आमचीच कबरी गाय खाटेशी उभी होती. तिच्या तोंडातून तांबडं कापड लोंबत होतं.

मी घागर टाकून धावले. पुस्तक ओढलं, ती सोडेना. ओढाओढीत मागचा अर्धा भाग माझ्या हातात आला, लाळेने चिंब. पुढचा अर्धा तिच्या पोटात गेलेला होता. माझ्या हातात दसरू आजाची गाणी होती. मंगरू शाहिराची पानं, ज्यांना मी सगळ्यात जास्त जपलं होतं, ज्यांच्या कडेकडेला खळ लावली होती, नेमकी तीच तिने आधी वेचून खाल्ली होती.

माय शेतातून आली. तिने मला मारलं नाही, गाईला मारलं नाही. खाटेखाली पडलेला कागदाच्या पट्टीचा एक तुकडा उचलला आणि जिभेला लावला. मग ती तिथेच मातीत बसली.

"खारट हाय," ती म्हणाली.

कबरी शांतपणे रवंथ करत होती. पाच-सहा वर्षं आम्ही तिला आंबोणातून मीठ चारत होतो. तिला त्या पुस्तकाचा वास कसा आला असेल ते वेगळं सांगायला नको. पुस्तक वाळत नव्हतं तेही मिठानेच, मीठ ओल धरतं.

बाबा त्याच संध्याकाळी दसरू आजाकडे गेले आणि त्याला घेऊनच आले. मी दाराआड उभी होते. त्याने मारावं असं मला मनापासून वाटत होतं. आजा खाटेवर बसला, उरलेली पानं एकेक उलटून पाहिली, पहिल्या पानापाशी पुन्हा आला. त्याच्या आधीचं काहीच नव्हतं.

"सारंच खाल्लन का वो?"

"सारंच," माय म्हणाली. "माहीच चूक हाय, आजा. मीच मीठ टाकाले लावलं. पोरीले काई बोलू नका."

आजाने हातातली पानं जुळवून खाटेवर ठेवली. मग म्हणाला, "जनावर हाय. थिले काय कळते, आख्यान का कडबा." आणि मायने दिलेली पेज तो प्यायला. मायने त्या पेजेत मीठ टाकलं नव्हतं. ती आमच्या घरची पहिली अळणी पेज. आजाने मीठ मागितलं नाही, तशीच प्यायला, आणि मला दाराआड जमीन दुभंगावीशी वाटली.

गावाला कळायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवसापासून पोरं आमच्या दारावरून हंबरत जायला लागली. कबरी यंदा दंडारीत नाचणार, तिच्या धारेत ढोलकी वाजते, खाऱ्या घरची पुस्तकं ताकाबरोबर खावी, असं काय काय. माय भर दुपारी पाण्याला जायला लागली, विहिरीवर कोणी नसायचं तेव्हा. मी तर घराबाहेर पडणंच सोडलं. हुशार पोरगी म्हणणाऱ्या बायका आता मायला काय म्हणत असतील याचाच विचार मी दिवसभर करायची.

मग एके दुपारी दसरू आजाच आला. म्हणाला, कागद-पेन घे, मी आठवून सांगतो, तू लिहून काढ. मला वाटलं सुटले. रोज दुपारी तो खाटेवर बसायचा, डोळे मिटायचा, खाटेच्या माचव्यावर बोटांनी ठेका धरायचा आणि गुणगुणायचा. चाल इतकी सुरेख होती! सुरुवातीला सपाट, पाणी चढावं तशी हळूहळू वर जाणारी, आणि मग एकदम खाली. मी पेन टेकवून बसायची. चाल पुन्हा पुन्हा यायची, कागद कोराच.

"चाल येऊन राहिली, बाई," तो म्हणायचा. "शब्द नाई येऊन राहिले."

लहानपणी ऐकलेलं. मध्ये आयुष्य गेलेलं. मधूनच एखादी ओळ यायची, ती मी लिहायची, दुसऱ्या दिवशी तो म्हणायचा, ही नव्हे, खोड. एका दुपारी त्याने सांगितलं की त्या आख्यानात बुडालेल्या माणसांची नावं होती, घरवार, ओळीने. आजाची आईही त्यात गेली होती. तो तेव्हा अंगावर पिणारा.

"माह्या मायचं नाव कशापाठी जुळवलं होतं बापानं, थेच आठवून नाई राहिलं," तो म्हणाला. "नाव तं ठाऊक हाय मले. पन थ्या ओळीत कसं बसलं होतं?"

मी पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. शेवटची ओळ तेवढी त्याला पक्की आठवत होती, कारण प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती यायची आणि तीत शाहिराचं नाव होतं: "मंगरू शाहीर सांगे, ऐका मायबाप." ती मी कागदाच्या तळाशी लिहून ठेवली. वरचा कागद शेवटपर्यंत भरला नाही. मग त्याने येणं थांबवलं.

मंडईच्या दिवशी मी जाणार नव्हते. मायनेच ओढून नेलं. म्हणाली, नाही गेलो तर लोक आणखी बोलतील. मैदानात पाळणा, चिवड्या-जिलेबीची दुकानं, बांगड्यांवर बायकांची झुंबड. आम्ही कडेला, बायकांच्या मागे बसलो. यंदा मंगरू शाहिराचं आख्यान होणार होतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि का होणार नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. दसरू आजा फेटा बांधून पुढे आला. ढोलकी वाजली, टाळ वाजले. आणि त्याने सुरुवात केली:

"पाटलाच्या गाई खाती हिरवा हिरवा चारा,
शेवंतीची कबरी खाते गाण्यांचा पसारा!"

मैदान हसून फुटलं. मी मायच्या पदरात तोंड लपवलं. तो पुढे गातच राहिला, धार काढायला बसलेली माय, सुरात वाजणारी चरवी, गाईच्या पोटात बसलेला शाहीर. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. शेजारच्या बाईने वळून मायला टाळी दिली. आणि माय, जी महिनाभर कोणाशी बोलली नव्हती, ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"हास न वो, शेवंते," तिने मला कोपराने ढोसलं. "मोठ्या मनाचा मानूस हाय. साऱ्या गावाचा राग हसून काढला त्यानं."

ते खरंच होतं. त्या रात्रीपासून माय पुन्हा सगळ्यांबरोबर पाण्याला जायला लागली. आजाने तिला वाचवलं असं मी आजही म्हणते. पण मला हसू येईना. कारण ती चाल मला पाठ होती. सपाट सुरू होणारी, हळूहळू चढणारी, आणि एकदम खाली येणारी. त्या अख्ख्या मैदानात ती चाल कशाची आहे हे फक्त दोघांना माहीत होतं, गाणाऱ्याला आणि मला. जिथे माणसांची नावं यायला हवी होती तिथे आमची गाय येत होती. आणि चाल शेवटाला आली तेव्हा, तिथे दुसरं काही बसतच नव्हतं म्हणून असेल, आजाने डोळे मिटून तीच ओळ म्हटली: "मंगरू शाहीर सांगे, ऐका मायबाप."

लोकांनी तेवढंच धरून ठेवलं. दसरू आजा गेला, माय गेली, त्याच्या बरोबरचे नाचे गेले. मी पुढे कितीतरी पुस्तकं बांधली, या बोटांना अजून सुयांचे घट्टे आहेत, आणि खळीत कधी मीठ पडू दिलं नाही. गाईचं गाणं मात्र आमच्या भागात मंडईला अजून होतं, आणि ते मंगरू शाहिराचं म्हणूनच होतं. गेल्या दिवाळीत माझ्या नातीने मोबाईलवर लावून दाखवलं. कुठल्या तरी गावचं स्टेज, रंगीत दिवे, आणि निवेदक सांगत होता, जुन्या काळातले विनोदी शाहीर मंगरू यांची ही अजरामर रचना.

"आजी, हे तुमच्याच गावचे होते ना? खूप मजेशीर होते का ते?"

"नव्हते," मी म्हटलं. "त्यांनी जन्मात एकच गाणं लिहिलं. बुडून मेलेल्या माणसांचं."

"मग ते कुठे आहे?"

ते आमच्या गाईनं खाल्लं, असं मी तिला सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की तिच्या हातून मोबाईल खाली पडला.